चोवीस

ख्रोमताऊ म्हणजे क्रोमियमचा डोंगर.
डोंगर कधीच उकरून नेला, खड्डा उरलाय.
खड्ड्याच्या अलीकडे आमची शाळा.

बाहेर उणे एकतीस. खडू करकरतो.
"इलेक्ट्रॉन गोल गोल फिरतो असं लिहू नका,"
उलबोसिन आपाय सांगतात.
"पहाटे माळावर धुक्यात घोडे असतात,
इथे दाट, तिथे विरळ.
नेमका एक दाखव म्हटलं तर दाखवाल?
कक्षक म्हणजे तेवढंच, असण्याची शक्यता."

एस गोल. पी म्हणजे गाठीशी बांधलेले दोन फुगे.
डीचे पाच: चार चौपाकळ्यांचे,
पाचवा जगावेगळा, कमरेत कडं घातलेला.

भरायचं खालून वर.
एका पातळीवर आधी ज्याला त्याला आपापली खोली,
जोडी नंतर.

"आता आपल्या गावाचं मूलद्रव्य. चोवीस."

आतले अठरा कोणी मोजत नाही,
ते आर्गॉनच्या कंसात गाढ झोपलेले.
राहिले सहा.
सगळ्या वर्गानं लिहिलं: चार एस दोन, तीन डी चार.
सगळा वर्ग चुकला.

मी लिहिलं: चार एस एक, तीन डी पाच.

पाठ केलं नव्हतं.
आमच्याही घरात सहाच जण.
आम्ही चौघं चार खोल्यांत,
पुढच्या खोलीत आई आणि बाबा,
आणि पाचवीत कोळसा, स्लेज, बिघडलेलं शिवणयंत्र.
ऑक्टोबरात एका रात्री
आईनं कोळसा अंगणात काढला, फरशी पुसली,
आपली गादी तिथे नेली.
भांडण नाही. दारसुद्धा आपटलं नाही.
तेव्हापासून घर स्थिर आहे.
बाबा खाणीतून येतात, दिवा खुंटीला लावतात,
पुढच्या खोलीत एकटे चहा पितात.

"शाब्बास, मेरुयेर्त," आपाय म्हणाल्या, "का बरं असं?"
मी म्हटलं, अर्धं भरलेलं जास्त टिकतं.
"बरोबर. सगळे सुटे, सगळ्यांची फिरकी एकाच दिशेची.
ऊर्जा कमी लागते."

ऊर्जा कमी लागते, हे मी वहीत उतरवून घेतलं.

मग त्यांनी पुढची चौकट काढली. मँगनीज.
पंचविसावा कुठे जाईल?
मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं, डीमध्ये.
"नाही," आपाय फळा पुसत म्हणाल्या,
"तो त्या एकट्याकडे जातो."

घंटा झाली. खाणीचा भोंगाही त्याच वेळी.
मी हातमोजे चढवले.
आमच्याकडे पंचविसावं कोणी नाही.
एक शेळी आहे, पण ती धरत नाहीत.