वटाव

ईस्ट स्ट्रीटला, चपलांच्या दुकानावरच्या माळ्यावर
आमचं काउंटर.
फळ्यावर दोन रकाने : आम्ही घेतो, आम्ही देतो.
डॉलर एकच, भाव दोन.
मधल्या फटीत विजेचं बिल, हातिमभाईंचा चहा
आणि माझा पगार राहतो.

सकाळी दहाला कालचे आकडे पुसते.
पुणं झोपलेलं असताना
कुठल्याशा बँकेचा कुणी व्याजदरावर एक वाक्य बोलला
आणि ढमढेऱ्यांच्या शर्वाणीची स्टुटगार्टची फी
अठरा हजारांनी वाढली.
तिचे वडील काचेतून विचारतात, "पण आम्ही काय केलं?"
काही नाही, काका.
काही न केल्याचाही भाव निघतो.

भोसरीच्या मुरकुट्यांनी त्याच वाक्यावर पेढे वाटायचे,
कास्टिंगचे पैसे युरोत यायचेत.
पण त्यांनी तीन महिन्यांपूर्वीच बँकेत भाव बांधून ठेवला.
भाव बांधला म्हणजे झोप विकत घेतली, मी म्हणते.
"महाग पडली हो झोप," ते म्हणतात,
आणि हॅनोव्हरच्या प्रदर्शनासाठी
सुटे युरो मोजून घेतात, दोनदा.

फरजाद रियालचा भाव विचारून जातो.
त्याच्या देशाला आमच्या फळ्यावर ओळ नाही.
त्याला ठाऊक आहे. तरी विचारतो,
आजारी माणसाची चौकशी करावी तसा.

काल एक गृहस्थ आले, बाणेरहून.
वडील आकुर्डीच्या स्कूटर कारखान्यात होते,
कधीकाळी सहा महिने इटलीला, शिकायला.
परवा त्यांचा कोट उसवला, अस्तरात नोट.
"दहा हजार आहेत," ते आवाज उतरवून म्हणाले.

लिरा.
हे चलन आता चालत नाही, मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणता जीभ अडखळली.
जुन्या बाजारात एखादा छंदी घेईल.
ते हसले. म्हणाले, "तेव्हा यात काय आलं असतं?"
मी पाठकोऱ्या पावतीवर हिशेब मांडला :
वीस-पंचवीस कॉफ्या.
किंवा घरी एक फोन, तीनेक मिनिटांचा.

"फोन कधी आला नव्हता,"
ते म्हणाले, आणि नोट उजेडाकडे धरून
बराच वेळ बघत राहिले.

मग खिशात हात घालून, "तुमचा वटाव?"
वटाव कसला. वटलंच कुठे काय.

ते जिना उतरेपर्यंत युरो चार पैशांनी खाली आला.
पुसला, लिहिला.