मोड

अर्धंच आहे.
छिन्नी ठेवून एका घावात तोडलेलं,
कडेवरून नख फिरवलं की घाव अजून लागतो.
दोन हजार वर्षांमागे या नीम शहरात
कुणाकडे तरी सुटे नव्हते,
आणि मोड देणं म्हणजे तेव्हा खरोखरच मोडणं होतं.

बंद्या नाण्यावर दोन पुरुष असतात, पाठीला पाठ लावून:
सम्राट आणि त्याचा सेनापती.
एकाच ठोक्यात जन्मलेले
आणि एकमेकांचं तोंड कधीच न पाहिलेले.
उलट्या बाजूला खजुराच्या झाडाला बांधलेली मगर.
माझ्या वाट्याला सेनापती आलाय, आणि मगरीचं शेपूट.

वडिलांना ते द्राक्षमळ्यात सापडलं, कुदळीला लागून.
त्यांनी चावून पाहिलं, मग दगडावर टाकून वाजवलं.
बद्द वाजलं.
अर्धं नाणं बद्दच वाजतं, हे त्यांना कोण सांगणार?
खोटं समजून त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या
आखूड पायाखाली सारलं.
वीस वर्षं आम्ही त्याच्यावर सूप प्यायलो.

ते गेल्यावर मी आणि फुल्क्रां,
माझ्या पाठचा भाऊ,
वाटण्या करायला बसलो.
शिड्या, चमचे, कोयते सगळं सुरळीत गेलं.
टेबल उचललं तेव्हा ते दिसलं
आणि शब्दाला शब्द लागला.
शेवटी नाणं मला, आणि वडिलांचं शिंगाच्या मुठीचं भिंग त्याला.
तो ते घेऊन ब्रेस्तला गेला, पार समुद्राशी.
तिथे तो त्यातून काय बघतो, देव जाणे.

मी सिदोनी रुमेगास.
औषधांच्या दुकानात एकोणचाळीस वर्षं तोलत होते,
गुंजभर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही.
निवृत्त झाले तेव्हा मालकिणीने जुना पितळी तराजू दिला.
त्यात पहिल्यांदा हेच घातलं. सहा ग्रॅम एकतीस.
मग अर्ध्यांचंच वेड लागलं.

रविवारच्या बाजारात म्हातारा बोनाफू म्हणतो,
"बाई, एवढ्यात बंदं येईल की!"
नको. बंद्याला विचारायचं काय?

घरी आणून तीन-तीन महिने डिस्टिल्ड पाण्यात ठेवते,
गुलाबाच्या काट्याने अक्षरांतली माती उकरते.
जुना, घट्ट हिरवा असेल तर हात लावायचा नाही.
फिकट, पिठासारखा हिरवा दिसला
तर ते नाणं इतरांपासून वेगळं काढायचं,
गोवर आलेल्या पोरासारखं.
आता त्रेचाळीस झालीत.
प्रत्येक सम्राट आणला की त्या सेनापतीच्या पाठीला लावून पाहते.
कुणी बुटका निघतो, कुणी जाड.

परवाचा मात्र वेगळा.
मगरीचं तोंड, साखळीचे चार दुवे. सहा ग्रॅम बारा.
वडिलांच्या नाण्यावर छिन्नी जिथे जराशी घसरलीय
तिथे यालाही खाच आहे.
जोडून धरलं. मध्ये केसभर फट.
झीज असेल. किंवा दोन वेगळ्या सकाळी
दोन वेगळ्या हातांनी तोडलेली दोन नाणी असतील.
माझ्या प्लास्टिकच्या भिंगात दोन्ही खरं दिसतं.

चांगलं भिंग ब्रेस्तला आहे.

पाकिटावर लिहिलं: सम्राट, ६.१२, बोनाफू, रविवार.
'जुळतं का' च्या पुढे जागा सोडली.
फुल्क्रांचा नंबर वहीत आहे, जुना, आठ आकडी.
आता त्याच्या आधी आणखी दोन आकडे लावावे लागतात.
ते कोणते, हे मला चांगलं ठाऊक आहे.

टेबल तेव्हापासून डुगडुगतंय.
पायाखाली सारायला घरात त्रेचाळीस नाणी आहेत,
तरी मी लिहिताना ते डाव्या हाताने धरून ठेवते.