बे एके बे

माझ्या खिडकीतून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात.
काही नुसत्याच उभ्या,
बँक उघडण्याआधी पेन्शनर उभे असतात तशा.

माझ्याकडे रांगेचं रजिस्टर आहे.
रजिस्टर कसलं, कॉम्प्युटरवरचा तक्ता,
पण साहेब रजिस्टर म्हणतात म्हणून मीही.
सत्तेचाळीस ओळी.
एकेक ओळ म्हणजे एकेक वीजकेंद्र:
उभं राहिलेलं, राहणारं,
किंवा फक्त लेटरहेडवर झळाळणारं.

दिंडोरीच्या पुढं माळावर आमचं उपकेंद्र.
तिथं जोडणीला एकच जागा उरलीय, बे नंबर पाच.
खडी पसरलेली, खांब उभे, ब्रेकर नाही.
बे हा इंग्रजी शब्द, हे मला नोकरीत कळलं.
त्याआधी बे म्हणजे
शाळेच्या ओसरीवर डोलत म्हटलेला पाढा,
बे एके बे, बे दुणे चार.
इथं बे एकच.
पाढा पुढं सरकत नाही.

पहिल्या नंबरवर एक कंपनी, चार वर्षं झाली.
जमीन नाही, कर्ज नाही, पॅनेलची एक काच नाही.
आहे ती फक्त तारीख, सगळ्यांच्या आधीची.
एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा
तसा त्यांचा अर्ज.
रुमालाचा मालक अजून स्टँडवरच आलेला नाही
आणि गाडीत माणसं उभी.

एकतिसाव्या नंबरवर ननाशीच्या बायकांची संस्था.
दोन मेगावॅट. पॅनेलं बसून दहा महिने झाले.
यशोदाबाई गावित दर सोमवारी फोन करतात.
रोज पहाटे आम्ही काचा पुसतो, म्हणतात,
ऊन येतं
आणि तसंच परत जातं.

श्रावणात वरून पत्र आलं:
आधी आला त्याला नव्हे, आधी तयार झाला त्याला.
एका ओळीचा बदल.
मी सत्तेचाळीस नोटिसा काढल्या.
सातबारा दाखवा, अनामत भरा, नव्वद दिवस.
कुणाचा वकील बोलला, कुणाचा मेहुणा.
एका पत्त्यावर तर लाकडाची वखार निघाली,
वखारवाल्या पेखळेंनी पाकिटावर लिहून धाडलं,
‘इथं वीज बनत नाही, लागली तर आम्हालाही हवीय.’

सव्वीस ओळी गळल्या.
मला वाटलं, संपलं.
पण बाविसाव्या नंबरचा अभ्यास केला तेव्हा
पहिले एकवीस आहेत असं धरलं होतं.
नसलेल्यांची वीज तारेवर चढवून
असलेल्यांना सांगितलं होतं, तार भरली.
आता सगळी आकडेमोड पहिल्यापासून.
रात्री साडेनऊला ऑफिसात मी आणि पंखा,
आणि ट्रान्स्फॉर्मरच्या घुमण्यासारखं काहीतरी
माझ्याच कानात.

उपकेंद्रातून ऑपरेटर धात्रकांचा फोटो आला.
बे पाचच्या खडीत चार अंडी,
खडीच्याच रंगाची. टिटवीची.
जवळ गेलं की अंगावर येते, म्हणाले,
अर्ज नाही, अनामत नाही,
मॅडम, हिचा नंबर कितवा लावू?
मी सांगितलं, दोरी बांधा भोवती.
ब्रेकर यायला तीन महिने आहेत,
तिचं काम त्याआधी होईल.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.
कोरा ठेवला.

सोमवारी यशोदाबाईंचा फोन.
नववा नंबर, मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.
तिकडं थोडा वेळ नुसता वारा.
मग, नववा म्हणजे
होळीच्या आधी का नंतर?

मी चिमण्यांकडं पाहिलं. त्यातल्या एकीतून धूर येत होता.
सांगता येत नाही, म्हटलं.
काचा पुसत राहा.

पुसतोच की, त्या म्हणाल्या.
आज दव फार होतं.