नाल आणि नशीब

नऊ भाग चालली ती मालिका.
बुधवारी रात्री साडेनऊला. दहाव्या बुधवारी
त्याच वेळेला कुणीतरी भरली वांगी करून दाखवत होतं.

मी तिच्यात कुठं दिसलो नाही. मी तिच्यातला आवाज.
कळमन्यात संत्र्यांचे लिलाव पुकारतो मी,
तीनशे साठ, सत्तर, पंच्याहत्तर, बोला शेठ,
सगळं एका दमात.
मुंबईहून आलेला पोरगेलासा दिग्दर्शक
ढिगामागं उभा राहून ऐकत होता.
म्हणाला, संत्र्यांच्या जागी घोडे समजा.
समजलो.

कामठी रोडला एका पडीत मैदानात
चुन्याच्या रेघा ओढल्या, बांबूंना पांढरा रंग दिला,
झालं रेसकोर्स.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री.
श्रीमंत प्रेक्षक म्हणून आणलेली माणसं
कोट घालून बसलेली, खिशात कांदा.
घोडे पाच. चार वरातीचे, मोमिनपुऱ्याच्या इद्रिसभाईंचे,
अन् एक पोलिसातून रिटायर झालेला,
शिट्टी वाजली की थांबायचा.

कागदावर नावं मोठी भारी.
शबनमचं केलं ‘विंटर क्वीन’.
इद्रिसभाई तिच्या पाठीवर बादली उपडी करत म्हणायचे,
“घे क्वीन, आंघोळ कर.”

चौथ्या भागाच्या शर्यतीत, ऐन वळणावर,
रस्त्यावरून एक वरात चालली होती. बँड वाजला.
आमचे चारही घोडे, जॉकीसकट,
जागच्या जागी नाचायला लागले.
पोलिसातला एकटाच पुढं गेला, अन् वळून बघत राहिला.
दिग्दर्शक डोकं धरून खाली बसला.
मी टाळ्या वाजवल्या.
माझी त्या दिवसाची अर्धी रोजी कापली.

नवव्या भागाच्या शेवटी पाचही घोडे शेवटच्या वळणावर.
धूळ. टापा. हिरोच्या आईचा चेहरा.
क्रमशः.

पुढं महिनाभर बाजारात हमाल विचारायचे,
“काऊन भाऊ, जिंकलं कोण?”
पानठेल्यावाला एका नावासाठी फुकट खर्रा घोटून द्यायला तयार.
मी म्हणायचो, सांगता येत नाही, करार आहे.
करार कसला, चेकसुद्धा वटला नव्हता.

पण मला ठाऊक होतं.
शेवटचे दोन फर्लांग मी आधीच बोलून बसलो होतो,
धरमपेठेतल्या एका खोलीत, भिंतींना गाद्या ठोकलेल्या,
पंखा बंद, समोर घोडा नाही, धूळ नाही,
नुसता एक लाल दिवा.
कागदावर होतं: रॉयल मोहर, एका मानेनं.
मी सुटलो. रॉयल मोहर, बाहेरून विंटर क्वीन,
मोहर, क्वीन, मोहर, क्वीन,
अन् तोंडातून निघालं
शबनम, शबनम, शबनम!

काचेपलीकडचा पोरगा म्हणाला, चुकलं काका,
उद्या परत घेऊ.
उद्या खोलीला कुलूप होतं.

इद्रिसभाईंना हे सांगितलं ते फार उशिरा,
इतवारीत, एका लग्नात. नवरदेव अजून चढायचा होता.
त्यांनी ऐकून घेतलं.
तंगाचा पट्टा आणखी एक भोक आवळला.
“किती लांबीनं?”
खोलीत लांबी कुठून असणार.
“चार,” मी म्हणालो. “बाकीचे चित्रातच नव्हते.”
त्यांनी मान हलवली,
हिशेब जुळल्यावर मुनीम हलवतात तशी,
अन् शबनमच्या कपाळावरची झालर सरळ केली.
तिनं कान झटकला. माशी असेल.

नवरदेव वर बसला, फेट्यासकट घाबरलेला.
“चाचा, पळत तर नाही ना ही?”
“नाय जी,” म्हणाले इद्रिसभाई,
अन् लगाम त्याच्या मेंदी लावलेल्या हातात दिला.