सॉकेट मागताना

जुनी गाडी विकली तेव्हा नोरीन म्हणाली,
आता तुझ्या कोटाला पेट्रोलचा वास येणार नाही.
मी हिशेब करत होतो:
गँडरपासून किनाऱ्यावरच्या शेवटच्या पियानोपर्यंत
एकशे बेचाळीस किलोमीटर,
आणि परत.

विकणारा पोरगा म्हणाला होता, चारशे जाते.
त्याने ते मे महिन्यात सांगितलं.
जानेवारीत, उणे सोळा अंशांत,
काचेवरचा आकडा महिनाअखेरच्या पाकिटासारखा:
दोनशे पासष्ट.
हीटर बंद. पायात दोन मोजे, एकावर एक.
ब्लँकेट हत्यारांच्या पेटीला,
तिला माझ्यापेक्षा लवकर थंडी बाधते.

वाटेत एकच चार्जर, वाचनालयाच्या मागे.
त्याच्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद:
बंद आहे. दुरुस्तीचा माणूस सेंट जॉन्सहून निघाला आहे.
कागदाला तीन आठवडे झाले.
तोही बहुधा विजेच्या गाडीनेच निघाला असावा.

लेमच्या पंपावर पाच मिनिटांत टाकी भरायची
आणि तेवढ्यात कळायचं
कुणाच्या बोटीला खेकडे लागले,
कुणाचा मुलगा अल्बर्टाला गेला.
आता मी पंपासमोरून जातो
उधारी थकल्यासारखा, मान वळवून.

वर्नाबाई ब्लँडफर्ड, वय शहाऐंशी.
समुद्राच्या खाऱ्या हवेत फुगलेला पियानो.
तीस वर्षं या दारात येतो आहे.
पाणी मागता येतं.
बाथरूम कुठे, हे विचारता येतं.
वादळ झालं तर सोफ्यावर रात्र काढू का, हेसुद्धा.
पण वीज?
जीभ टाळ्याला चिकटली. शेवटी म्हणालो,
स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर टाकली तर चालेल?

बाहेर पाहत तिने विचारलं, खाते किती?
म्हटलं, दोन तास खाल्लं की बारा किलोमीटर चालते.
म्हणाली, माझा रॉय असाच होता.
दिवसभर जेवायचा
आणि सरपणाच्या ढिगापर्यंत जायचा.

मी झाकण उघडलं, काटा आपटला, कान लावला.
खिडकीतून चार्जरची गुणगुण येत होती,
काळी पाच आणि पांढरी सात यांच्या फटीत
अडकलेली,
कुठल्याच पट्टीला आपली न म्हणणारी.
फ्रिजचाही तोच सूर.
या घरात तो पहिल्यापासून असणार,
आम्ही सगळ्यांनी त्याला शांतता म्हटलं होतं.

मग तिने चहाची किटली लावली
आणि सगळं गेलं.
दिवा, फ्रिज, गाडी, गुणगुण.
तळघरातला खटका पडला होता, एवढंच;
एका तारेवर दोन पाहुणे.
पण मी जागचा हललो नाही.
किल्ली खुंटीवर होती, पट्टी दाबलेली,
आणि तीस वर्षांत पहिल्यांदा
त्या खोलीत तार एकटी वाजत होती.
लाटा मोजता आल्या: तीन, दोन,
एक,
मग नाही.

खटका वर केला. किटली लाकडाच्या चुलीवर गेली.
पियानो दोन तासांत लागला,
गाडीला अजून तीन हवे होते.
पूर्वी मी पैसे घ्यायचो तेव्हा
इंजिन चालू असायचं.
आता पेडलची करकर काढली, फुकट.
भिंतीवरचं घड्याळ काढलं, ते मात्र बिघडवून ठेवलं.
ती एकच वाक्य वाजवत राहिली, उजव्या हाताने,
चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

निघताना मेट्रोनोमखाली पाच डॉलर सरकवले.
घरी पोचलो तेव्हा काचेवर अकरा उरले होते.
नोरीन जागी होती. काही म्हणाली नाही,
पाय मात्र तिच्याजवळ नेऊ दिले नाहीत.

मार्चमध्ये वर्नाबाईचं पाकीट आलं.
त्यात विजेच्या बिलाचा तुकडा, पेन्सिलने आकडेमोड:
तुझ्या गाडीचे एक डॉलर दोन सेंट.
बाकीचे तुझ्या नावाने जमा.
पुढच्या वेळी वायर लांब आण,
हॉलच्या सॉकेटला लाव.
स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली,
आणि मला चार दिवस शिंका आल्या.