टेबल त्रेचाळीस

भंवरकुआच्या चौकातून आत वळलं
की कोचिंगच्या पाट्यांमागे, तिसऱ्या मजल्यावर,
वेळ भाड्यानं मिळतो.
सहा तासांचे महिन्याला सातशे, पंखा धरून.
एसीची रांग वेगळी.

माझी पाळी सकाळची, सहा ते बारा.
पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक चिकटवलं
चार रंगांत, पट्टीनं आखून:
संख्याशास्त्र निळं, अर्थशास्त्र हिरवं,
इंग्रजी जांभळं, चहा पिवळा.
त्यातला चहा तेवढा वेळेवर झाला.
अविनाशमामा फोटो पाहून म्हणाला,
नकाशा झकास. आता निघ.

बारानंतर हेच टेबल दुसऱ्या कुणाचं.
सकाळी मला नुसत्या खुणा सापडतात:
खोडरबराचा भुसा एका कोपऱ्यात लोटलेला,
शेवेचा एखादा तुकडा,
आणि लाकडाच्या उजव्या कडेला पेन्सिलीनं
चार उभ्या रेघा, त्यांवर आडवी पाचवी.
कधी अशा दोन जुड्या. कधी एकटीच रेघ.

मला वाटलं, तास मोजतंय कुणी,
कोठडीत दिवस मोजावेत तसे.
रजिस्टरात सही होती, किरण मंडलोई.
तो की ती, सहीवरून कळेना.
जीतूभिया कुलूप पुसत म्हणाला,
खरगोनची पोरगी आहे ना, भिया,
रात्री दोनपर्यंत सराफ्यात आईसोबत गराडू तळते.
दुपारीच तेवढं डोकं रिकामं असतं तिचं.

मग एकदा खणात विसरलेला कागद मिळाला.
दुसऱ्याचा कागद वाचू नये. वाचला.
एक अख्खं पान, पुस्तक मिटून आठवलेलं,
निळ्या शाईत, घाईच्या अक्षरात,
आणि जे निसटलं होतं ते मागाहून, लाल पेननं,
ओळींच्या फटीत दाटीवाटीनं बसवलेलं.
खाली कोपऱ्यात एक रेघ.

म्हणजे रेघ तासाची नव्हती.
तास मी मोजत होते.

त्या दिवशी मीही पुस्तक मिटलं.
दोन तास हायलायटर फिरवून झाला होता;
आठवलं एवढंच, की पान हिरवं होतं.
कोरा कागद. पंख्याची कुरकुर.
खाली एबी रोडवर बसचा ब्रेक,
पोह्यांच्या वाफेचा वास जिना चढून वर,
आणि सहसंबंधाच्या व्याख्येतले
पहिले तीन शब्द. फक्त तीन.
लाज वाटली. बाकी सगळं लाल पेननं लिहिलं.
मग टेबलाच्या डाव्या कडेला
माझी पहिली रेघ, वाकडी.

दुसऱ्या दिवशी तिच्या सात.
माझी खोडली गेली नव्हती.

डिसेंबरात, परीक्षेला अकरा दिवस उरले असताना,
उजवी कडा कोरी राहिली.
एक दिवस. दोन. तीन.
थंडीत गराडू खपतो फार, मी स्वतःला सांगितलं,
आणि माझ्या पाचांवर आडवी मारताना
उगीच चोरटं वाटलं.

चौथ्या सकाळी टेबलावर तेलाचा डाग होता,
बोटाएवढा, जिरावणाचा वास असलेला,
आणि त्याच्या शेजारी
वरून सुरू होऊन मध्येच थांबलेली
अर्धी रेघ.

अर्धी चालते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वेळापत्रक काढलं तेव्हा टेपसोबत
भिंतीचा थोडा रंग निघाला.
जीतूभियाला अजून सांगितलेलं नाही.

आज बाराला उतरताना जिन्यात
कुणीतरी धावत वर येत होतं,
केस ओले, पाठीवर दप्तर, मनगटावर जुना चटका.
ती डावीकडे सरली, मीही तिकडेच.
मग दोघी उजवीकडे.
विचारायचं होतं: अर्ध्या रेघेचं पुढे काय झालं?
त्या तीन दिवसांचं?

पण बारावर एक मिनिट होऊन गेलं होतं,
आणि ते तिचं होतं.
मी भिंतीला टेकून वाट दिली.