गळ्यापर्यंत

दिवसभर कंपनीत मी बी मोजते,
पाकिटात पन्नास, वर एक नाही.
घरी मात्र चहाच्या कागदी कपांत
चार-चार टाकले,
उगवतील न उगवतील म्हणून.

उगवले सगळेच.
जालन्यातली माझी खोली, खिडकी एकच,
तीही समोरच्या गोदामाच्या भिंतीकडे.
आठ दिवसांत रोपं शेवयांसारखी,
पांढुरकी, लांब, एका अंगाला कललेली.
मला वाटलं, काय झपाटा आहे!
फोटोसुद्धा पाठवला आईला, सेलूला.

सुगराबी उंबऱ्यातूनच म्हणाली,
"वाढायलीत कुठं? उजेड हुडकायलीत बिचारी."

मग कप जिन्यावर नेले.
सकाळचं ऊन, दुपारी गोणपाटाची सावली,
पाणी, माती बोटानं चाचपूनच.
चारातली तीन कात्रीनं कापायची होती,
मला जमेना, तिनं कापली.
आणि रोज ड्युटीवरून आल्यावर
शेंड्यांवरून तळहात फिरवायचा,
झुळूक फिरते तसा.
तेवढ्यानं म्हणे देठ जाड होतो.

टमाट्यांना तिनं तेलाच्या डब्यात
पार गळ्यापर्यंत गाडलं,
पहिली दोन पानं तेवढी वर.
"मरतील की!"
"गाडलेल्या देठाला मुळं फुटतात त्याच्या.
वांग्याला मात्र असं करू नको."

केलं मी. दोन वांगी गेली.

टमाट्याचं एक अजून तिरकंच आहे.
काल वावटळीत डबा कलंडला,
अर्धी माती पायऱ्यांवर.
देठ मोडला नाही.
मी सुगराबीला हाक मारली,
ती झोपली होती.